साडेबारा टक्के

शेजारचं मढवींचं कौलारू घर मार्चमध्ये पाडलं.
जेसीबीनं जोतं मुळासकट उपसलं,
आणि तिसऱ्या रात्री
आमच्या केळीच्या बुंध्याशी ताजी माती दिसली,
आतून बाहेर फेकलेली, चांगली पाटीभर.
घूस, म्हणाले हे. उंदीर एवढं खणत नाही.

मग रताळी गेली.
अळूचे कांदे अर्धे अर्धे.
मग एका सकाळी खुराड्यात तीन पिल्लं कमी
आणि चांदणी कोंबडी कोपऱ्यात, पिसं फुलवून,
एक आवाज न करता.

दिनकरशेटनं काउंटरवरून पुडा सरकवला,
गुलाबी वड्या, पेढ्यासारख्या.
"रात्री टाका वहिनी. पाणी शोधत बाहेर जातात
आणि बाहेरच मरतात."
बाहेर म्हणजे कुठं, दिनकरशेट?
गटारात, मढवींच्या खड्ड्यात,
की आमच्या भुऱ्याच्या जबड्यात?

कारण भुऱ्याच्या आधी गेंड्या होता.
गेंड्यानं वडी खाल्ली नव्हती.
वडी खाल्लेला उंदीर खाल्ला होता,
रस्त्यात डुलत चाललेला, सोपा.
चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त.
नेरूळच्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली
आणि आमच्याकडे न बघता हात धुतले.
ते हात धुणं मला अजून दिसतं.

म्हणून पुडा दुकानातच राहिला,
आणि मी जाळी आणायला तुर्भ्याला गेले.
कोंबड्यांची जाळी कोंबडीला अडवते, बस.
जिथून अंगठा जातो तिथून उंदीर जातो.
अर्धा इंची, वेल्डची घेतली, महाग पडली.
खुराड्याभोवती हातभर खाली पुरली,
खालची कड बाहेरच्या बाजूला दुमडून,
खणत येईल तो तिथं अडेल.
कणी पत्र्याच्या डब्यात, झाकणावर वरवंटा.
दिवेलागणीला अंगणातला दाणा न् दाणा वेचायचा,
कंबर मोडते. तरी वेचायचा.
कोंबड्यांना संध्याकाळी उपाशी ठेवता का,
विचारलं पलीकडच्या सुलभानं.
नाही गो. पाहुण्यांना ठेवते.

पिंजरा लावला तो लाकडी खोक्यात,
तोंड एवढंसं, चोच आत जाणार नाही असं.
आमिषाला सुक्या बोंबलाचं डोकं.
रात्रभर मांजर खोक्यावर बसून राहिली,
आणि मांजर बसली म्हटल्यावर कोण येणार?
दुसऱ्या रात्री भाजलेलं खोबरं लावलं,
तिला माजघरात कोंडलं, ती दार ओरबाडत राहिली,
आम्ही तिघंही जागी.

पहाटे घूस सापडली.
केवढी! पिंजरा भरून.
अंगावर राठ केस, शेपूट मधेच तुटलेलं,
नाकावर सिमेंट वाळलेलं.
सिमेंट बघितलं आणि मला एकदम हसू आलं,
मग आलं नाही.
सासऱ्यांची भातखाचरं गेली तेव्हा
ते कागदाची पिशवी छातीशी धरून बेलापूरला जायचे,
साडेबारा टक्क्यांसाठी, अकरा वर्षं.
हिला कोण देणार साडेबारा टक्के?
हिचं जोतंही त्याच जेसीबीनं उपसलं.

पण पिल्लं तीन होती माझी.
तीही मी मोजलीत.

हातमोजे घालून हे पिंजरा घेऊन गेले.
कुठं, ते मी विचारलं नाही.
रिकामा आणला, उकळत्या पाण्यानं धुतला,
आणि दोनदा साबण लावून हात धुतले,
माझ्याकडे न बघता.

मढवींच्या पत्र्याच्या कुंपणावर आता फलक आहे,
सात मजले, पार्किंग, फुलझाडांची गच्ची.
भुऱ्या त्याच्याखाली नाक खुपसून तासन्‌तास उभा असतो.
चांदणी परत अंड्यावर बसली आहे.
आज सकाळी केळीशी पुन्हा माती दिसली,
ताजी, ओली.
जाळीच्या पलीकडे.
मी खोबरं भाजायला घेतलं.